चार वाजून दहा मिनिटांची पाठ

मंगळवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं लिहीत जा. तुम्ही डोक्यात साठवून ठेवता, म्हणून रक्तदाब वाढतो." मी म्हटलं, साठवत नाही हो, दर रविवारी मैदानाच्या पूर्व गॅलरीत ओरडून मोकळा होतो. तर म्हणाले, "मग सोमवारी का वाढलेला असतो?" म्हणून ही वही. मी जिथे कामाला आहे त्या लिफ्ट कंपनीची जुनी देखभाल-वही आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'बिघाडाचे स्वरूप' असा रकाना छापलेला आहे. आज तिथे लिहितो: अध्यक्ष.

आमच्या फुटबॉल क्लबाच्या अध्यक्षाने गोलकीपर विकला. अकरा मोसम ज्याने आमची लाज राखली, गुडघ्याला पट्टा बांधून जो खेळला, माझे वडील गेले तेव्हा जो दारात येऊन उभा राहिला, तो माणूस नदीपलीकडच्या क्लबाला विकला. आणि आम्हाला कधी कळलं? पेपरात वाचून. ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं आहे त्यांना विचारायची पद्धतच नाही. वरच्या चार टाळक्यांनी बंद खोलीत ठरवायचं आणि खालच्यांनी टाळ्या पिटायच्या. डोक्यात नुसती तिडीक गेली आहे.

लिहून बरं वाटतं म्हणतात. मला तर आणखी राग आला.

बुधवार, ४ मार्च

जेवताना लेकीशी वाजलं.

विषय निवडणुकीचा. पुढच्या महिन्यात देशभर मतदान आहे आणि आमचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षातर्फे उभे आहेत. क्लबाचा माणूस म्हणून ते माझ्या डोक्यातून उतरले, पण मत मी त्यांनाच देणार, कारण ते मत पंतप्रधानांना जातं. पंतप्रधान कणखर माणूस आहे. देश चालवायचा तर प्रत्येकाला विचारत बसून भागत नाही. हे मी सरळ सांगितलं.

लेक सरकारी प्रसूती रुग्णालयात परिचारिका आहे. तिथला एक अख्खा वॉर्ड बंद करायचा हुकूम निघालाय, म्हणून या सगळ्याजणी पेटल्यात. ती म्हणाली, "बाबा, चाळीस खाटांचा वॉर्ड बंद होतोय. बायकांनी जायचं कुठे?"

मी म्हटलं, "वरच्या लोकांनी काही विचार केला असेल ना?"

"मग गोलकीपर विकतानाही केला असेल."

"ते वेगळं आहे."

"कसं काय वेगळं?"

"तो आपला माणूस आहे. आणि हे बघ, खेळात राजकारण आणू नकोस."

"मी वॉर्डाबद्दल बोलत होते. खेळ तुम्ही आणलात."

ही मध्ये पडली, "आधी जेवा दोघं." ही म्हणजे आमची सौभाग्यवती. ती क्लबाचीही नाही आणि कुठल्या पक्षाचीही नाही. तिचा रक्तदाब एकशेवीसच्या वर कधी जात नाही.

शुक्रवार, ६ मार्च

ठरलं. रविवारी पाठ.

मास्तरांच्या गच्चीवर बैठक झाली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, आमच्या समर्थक मंडळाचे चिटणीस. वीसजण होते, शेजारी मेहुणा. सगळ्यांचं एकमत झालं. असं एकमत गेल्या दहा वर्षांत चहात साखर किती घालायची यावरही झालं नव्हतं.

डॉक्टर ही वही वाचणार नाहीत, तरी लिहून ठेवतो. पाठ हे आमच्या गॅलरीचं शेवटचं हत्यार. शिट्टी झाली की आठ हजार माणसांनी उभं राहायचं, मैदानाकडे पाठ करायची आणि पाच मिनिटं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. चाळीस वर्षांत फक्त तीनदा झालीये. शिट्टी आधी वडिलांकडे होती, आता माझ्याकडे. एरवी घोषणा द्यायच्या, गाणी उचलायची, ते कामही माझंच. पण पाठीची शिट्टी म्हणजे जबाबदारी.

नियम दोनच. वेळ चार वाजून दहा मिनिटं, समोरच्या इमारतीवरच्या घड्याळाप्रमाणे. सामन्याप्रमाणे नाही, घड्याळाप्रमाणे. वडिलांच्या वेळी पाठीची बातमी फुटली आणि क्लबाने मुद्दाम सामना वीस मिनिटं उशिरा सुरू केला. लोकांना कळेना कधी वळायचं, पार विचका झाला. तेव्हापासून सामना सुरू होवो न होवो, काटा दहावर आला की शिट्टी. दुसरा नियम, शिट्टी झाल्यावर कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

अध्यक्षांना समोरच्या कक्षातून आठ हजार पाठी दिसल्या पाहिजेत. बस्स.

रविवार, ८ मार्च, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

साडेतीनला मैदानाच्या फाटकाशी पोचलो तर लेक आणि तिच्या दोन सहकारी वॉर्डाची पत्रकं वाटत होत्या. तिने मलाही एक दिलं. मी न ओळखल्यासारखं करून घेतलं आणि पुढे गेलो. मेहुणा सोबत होता, उगाच फाटे कशाला.

आत गेल्यावर कळलं, पंतप्रधान येतायत. अध्यक्षांच्या प्रचाराला. सामन्याआधी दोन शब्द बोलणार म्हणे. मला तर आनंदच झाला, इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ते चार वाजता मैदानात आले, दोन मिनिटं हात हलवला आणि बोलायला उभे राहिले. खेळाडू बिचारे रांगेत उभे. दोन शब्दांचे दोनशे झाले. मी कौतुकाने ऐकत होतो, पण एक डोळा घड्याळावर.

चार वाजून नऊ मिनिटांनी मेहुण्याने कोपराने ढोसलं. "भाऊजी, अजून बोलतायत. आज थांबायचं का?"

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम."

शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात पंतप्रधान नव्हतेच. काटा होता आणि अध्यक्ष होते. मी शिट्टी वाजवली.

आठ हजार माणसं उठली आणि वळली. खुर्चीसुद्धा वाजली नाही. भोंग्यातून आवाज येत होता, "आणि म्हणूनच माझ्या बंधूंनो..." मग थांबला. मग पुन्हा "बंधूंनो..." आणि मग काहीच नाही. पाच मिनिटं मी समोरची भिंत बघत होतो. पहिल्या मिनिटाला अभिमान वाटला की काय शिस्त आहे आपल्या लोकांत. दुसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की पाठ कुणाला झाली. वळावंसं वाटलं, पण वळणार कसा? पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं.

सामना दोन-शून्य हरलो. दोन्ही गोल नव्या गोलकीपरच्या पायांमधून.

सोमवार, ९ मार्च

रक्तदाब एकशेसत्तर.

सगळ्या वाहिन्यांवर आमच्याच पाठी. 'देशाने पाठ फिरवली' असं मोठ्या अक्षरांत. चार तज्ज्ञ बसून सांगतायत की महागाईमुळे असं झालं, बेकारीमुळे झालं. अरे, गोलकीपरमुळे झालं! एकालाही त्याचं नाव माहीत नाही. एका इमारतीत लिफ्टचं तेलपाणी करत होतो, तिथे दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य दुसऱ्याला म्हणाला, "कोणी का वाजवली असेना शिट्टी, माणूस वाघ आहे." मी स्क्रू आवळत राहिलो. वाईट वाटलं आणि थोडं, अगदी थोडं, छानही वाटलं. हे फक्त इथे लिहितोय.

पंतप्रधानांना पत्र लिहायला बसलो. 'आपला गैरसमज झाला आहे. आम्ही आपल्याकडे नव्हे, अध्यक्षांकडे पाठ केली. आपण मध्ये उभे होता.' वाचून पाहिलं तर आणखीच वाईट वाटलं. फाडलं.

बुधवार, ११ मार्च

लेकीला निलंबित केलं. तिच्यासोबत पत्रकं वाटणाऱ्या त्या दोघींनाही. आरोप असा की पंतप्रधानांचा अपमान करायचा कट त्यांनीच रचला, पत्रकांतून प्रेक्षकांना चिथावलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, मग बडतर्फी आणि वर खटला.

मी आधी तिलाच फाडून खाल्लं. फाटकाशी उभं राहायची हौस कुणाला होती, सरकारी नोकरी काय झाडाला लागते का, शंभरदा सांगितलं राजकारणात पडू नकोस. बरंच बोललो. ती टेबलावर हात ठेवून ऐकत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "बाबा, शिट्टी कुणी वाजवली असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी माहीत नाही म्हटलं."

आणि उठून आत गेली.

मी तिथेच बसलो. चहा गार झाला तो ओतून दिला.

गुरुवार, १२ मार्च

मास्तर कामावर भेटायला आले, लिफ्टच्या यंत्रखोलीपर्यंत जिने चढून. धापा टाकत म्हणाले, "तू तोंड उघडू नकोस. क्लबाने पोलिसांना कळवलंय की बाहेरच्या बायकांनी फूस लावली. प्रकरण तिथेच मिटेल. शिट्टीवाल्याचं नाव पुढे आलं तर त्याला मैदान जन्मभर बंद. आम्ही कुणी सांगणार नाही, शब्द आहे."

मी म्हटलं, "त्यातली एक माझी लेक आहे."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांना ठाऊक नव्हतं. मग खाली बघत म्हणाले, "मुलगी हुशार आहे रे. खाजगी रुग्णालयात कुठेही लागेल." त्यांनी उच्चारण्याआधी हेच वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यात फिरत होतं, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येईना.

शनिवार, १४ मार्च

जीव थाऱ्यावर नाही. काल तिसऱ्या मजल्यावर थांबायची लिफ्ट चौथ्यावर थांबवून ठेवली. एक आजी भलत्याच घरात शिरल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

हिशोब रोज तोच मांडतो. लेक एकोणतीस वर्षांची, सगळं आयुष्य पुढे आहे. माझं वय सत्तावन्न, माझ्याकडे रविवार सोडून आहे काय? सहा वर्षांचा होतो तेव्हापासून त्या गॅलरीत उभा आहे. तिथल्या माझ्या पायरीवर दुसरं कोणी उभं राहत नाही. ती पायरी गेली तर मी सोमवार ते शनिवार कशासाठी ढकलायचे? असं मनाशी बोलतो आणि पटतं. मग लेक स्वयंपाकघरातून बाहेर येते, गणवेश नाही, घरचे कपडे, कामाच्या वेळी घरात, आणि सगळं पटलेलं उलटंपालटं होतं.

संध्याकाळी पाय दुखेपर्यंत फिरलो. मैदानाच्या भिंतीला दोन फेऱ्या घातल्या. भिंतीवर अध्यक्षांचे फलक, आमच्या क्लबाच्या रंगांत. 'तुमचा माणूस' म्हणे.

सोमवार, १६ मार्च

काल सामना बाहेरगावी होता, गेलो नाही. निकालही विचारला नाही.

आज हिला म्हटलं, "तूच सांग, मी काय करू?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला सल्ला नकोय. तुम्हाला कोणीतरी ढकलायला हवंय, म्हणजे उद्या तिच्यावर नाहीतर माझ्यावर ढकलता येईल. मी नाही ढकलणार."

मी म्हटलं, "एवढी कठोर होऊ नकोस."

"ती आठवडाभर घरात बसलीये. एकदा तरी तुम्हाला म्हणाली का, जाऊन सांगा म्हणून?"

नाही म्हणाली. म्हणाली असती तर सोपं गेलं असतं, मी भांडलो तरी असतो.

मंगळवार, १७ मार्च

गेलो.

चौकशी अधिकारी वयाने माझ्यापेक्षा लहान, सभ्य माणूस. चहा मागवला. मी सगळं सांगितलं. गोलकीपर, गच्चीवरची बैठक, घड्याळ, वडिलांच्या वेळचा विचका. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, देशाचे पंतप्रधान बोलतायत आणि तुम्ही गोलकीपरसाठी आठ हजार माणसं वळवलीत? हे मी वर लिहून पाठवू? लोक हसतील मला."

मी म्हटलं, "खरं आहे ते."

"मुलीला वाचवायला आलात, कळतं मला. मलाही मुलगी आहे. पण यात हेतूच नाही. हेतू त्या पत्रकात आहे." लेकीचं पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी फाइल मिटायला घेतली.

मिटली असती तर संपलं होतं. मी हात मध्ये घातला. म्हटलं, "थांबा. खोटं बोललो. गोलकीपरचं निमित्त होतं. पाठ पंतप्रधानांनाच केली. मुद्दाम केली. त्या मुलींचा काही संबंध नाही, शिट्टी माझी, विचार माझा."

"कसला विचार?"

आता आली का पंचाईत! काहीतरी रचून सांगायला हवं होतं. मी सुरुवात केली वॉर्डापासून, कारण समोर पत्रक होतं. म्हटलं, चाळीस खाटा बंद करता, तिथल्या एका बाईला तरी विचारलंत का? मग म्हटलं, ज्या इमारतींत मी लिफ्ट दुरुस्त करतो तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं निवृत्तिवेतन अडकलंय, दर महिन्याला लिफ्टमध्ये मला विचारतात, तुला काही कळलं का रे, मी लिफ्टवाला, मला काय कळणार! मग सचिवालयातल्या सातव्या मजल्याचं सांगितलं, तिथे बटणाला कुलूप लावून घेतलंय, खालच्या माणसाला वर जाताच येऊ नये म्हणून, आणि ते कुलूप मीच बसवून दिलं. वरचे ठरवतात, आम्हाला पेपरात कळतं, आणि वर आमच्याच रंगांचे कपडे घालून आमच्याकडे मत मागायला येतात. अधिकारी लिहीत होते, मी बोलत होतो. घसा सुकला तरी थांबेना. रचलेल्या गोष्टी इतक्या भराभर कशा सुचत होत्या, देव जाणे. खोटं बोलायची मला मुळीच सवय नाही.

शेवटी त्यांनी पाच पानं वाचून दाखवली. "बरोबर आहे?" मी म्हटलं, बरोबर. सही करताना लक्षात आलं की पाच पानांत गोलकीपरचा शब्द नाही. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "आता कशाला? छान जमलंय."

बाहेर आल्यावर पायरीवर बसून घेतलं. रडू आलं. कशाचं आलं ते मला खरंच कळलं नाही.

शुक्रवार, २० मार्च

लेकीचं आणि त्या दोघींचं निलंबन मागे. उद्यापासून कामावर.

मला मैदान जन्मभर बंद, तसं पत्र आलं. सचिवालयात जायचा माझा पासही काढून घेतला. कंपनीच्या साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं की सध्या गोदामात बसा, मोटारी साफ करा. खटल्याचं बघू म्हणतात, पण निवडणुकीच्या तोंडावर माझ्यासारख्याला कोर्टात उभं करून आणखी मोठा करायचा नाही, असं मास्तरांना कुणीतरी सांगितलं.

मेहुणा आला होता. चप्पलही न काढता दारातच उभा. "भाऊजी, सगळ्या गॅलरीची मान खाली गेली. पाठ गोलकीपरसाठी होती. तुम्ही तिकडे जाऊन भलतंच बोललात. आता सगळे म्हणतायत, आम्ही कुठल्या पक्षाचे. खेळात राजकारण तुम्ही आणलंत."

हे वाक्य तर माझंच होतं, आता त्याला कुठल्या तोंडाने खोडून काढू? शिट्टी त्याच्या हातात दिली. त्याने खिशात घातली आणि चहा न घेता गेला.

लेक मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "जा, उद्या लवकर उठायचंय तुला."

रविवार, २२ मार्च

साडेतीनला घरात उभा राहिलो तो उभाच. बसवेना. ही म्हणाली, "इथे वाघासारख्या येरझारा घालू नका. तिचा डबा राहिलाय, तेवढा देऊन या." डबा राहिला होता की हिने ठेवला होता, विचारलं नाही.

रुग्णालयाच्या फाटकाशी त्यांचं धरणं होतं. वॉर्डाचा हुकूम अजून तसाच आहे. साठ-सत्तर परिचारिका, काही सफाईवाल्या, दोन-चार पोटुशा बाया सावलीला बसलेल्या. मी डबा देऊन निघणार होतो. पण त्यांच्या घोषणा ऐकल्या आणि मला कसंसंच झालं. एकजण अर्धी ओळ ओरडते, बाकीच्या तीन वेगवेगळ्या वेळी उत्तर देतात, शेवटचा शब्द तर कुणाच्या तोंडातून निघतच नाही. रस्त्यापलीकडे ऐकू जात नव्हतं, मग सचिवालयाच्या सातव्या मजल्यावर काय जाणार?

दहा मिनिटं दम धरला. मग राहवेना. पुढे झालो आणि म्हटलं, "अहो बायांनो, असं नाही. ओळ मोठी आहे, तोडा तिला. पुढच्या रांगेने पहिला तुकडा, मागच्यांनी दुसरा. मध्ये एक टाळी. श्वास टाळीवर घ्यायचा. आणि ओरडायचं गळ्यातून नाही, इथून, पोटातून." एक म्हातारी सफाईवाली म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "मी लिफ्टवाला. तुम्ही पुढच्या रांगेत या, तुमचा आवाज चांगला आहे."

तिसऱ्या खेपेला जमलं. रुग्णालयाच्या वरच्या खिडक्या उघडल्या. चौथ्या खेपेला रस्त्यावरची बस थांबली. मला हे वॉर्डबिर्ड, राजकारण यातलं काही कळत नाही, कबूल आहे, पण काम करायचं तर नीट करायला नको? उद्या सकाळी आठला सरावाला या म्हणून सगळ्यांना बजावलंय. मागची रांग अजून कच्ची आहे.

लेक जिन्यावर डबा हातात धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, डोळे पुसत होती. मी तिथूनच ओरडलो, "दात काय काढतेस? ये, रांगेत उभी राहा."